ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ओपन सोर्स: बिल्टीपासून नकाशापर्यंत, टप्प्याटप्प्याने

दहा-वीस गाड्यांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात एकाच मालाची माहिती किती वेळा लिहिली जाते, ते एकदा मोजून पाहा. पार्टीच्या (ग्राहकाच्या) इनव्हॉइसवर, बिल्टीवर (माल वाहतुकीच्या पावतीवर), ई-वे बिलावर (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदावर), लोडिंग शीटवर, ड्रायव्हरच्या अ‍ॅडव्हान्सच्या वहीत, पोच (माल मिळाल्याची सही) आल्यावर पोचेच्या रजिस्टरमध्ये आणि शेवटी भाड्याच्या बिलात. प्रत्येक ठिकाणी गाडी क्रमांक, नग आणि वजन नव्याने लिहिले जाते. कुठेतरी एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर गाडी तपासणीत अडकते किंवा पार्टी बिल परत पाठवते.

यावर तयार सॉफ्टवेअर विकत घेणे हा नेहमीचा उपाय. त्यात वाईट काही नाही. पण करार संपला की आपल्याच पाच वर्षांच्या बिल्ट्या वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील का, हे फार थोडे गाडीमालक आधी विचारतात. ओपन सोर्सचा, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचा, पहिला फायदा हाच, की माहिती तुमच्या सर्व्हरवर, तुमच्या ताब्यात राहते. दुसरा फायदा सहकार्याचा. बिल्टीचा साचा, रस्त्यांचा नकाशा किंवा जीपीएस यंत्राशी बोलणारा प्रोग्राम यांच्या जोरावर कोणाचा धंदा चालत नाही. धंदा चालतो तो भाव, वेळ आणि शब्द पाळण्यावर. मग या सामाईक गोष्टी प्रत्येकाने वेगवेगळ्या का बनवाव्यात?

युरोपातल्या मोठ्या कंपन्यांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले आहे. डाक्सर, डीबी शेंकर, रेनुस आणि डुइसबर्ग बंदराची कंपनी डुइसपोर्ट यांनी २०२१ मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरात ओपन लॉजिस्टिक्स फाउंडेशन स्थापन केले. यातल्या काही कंपन्या एकाच बाजारात एकमेकींच्या स्पर्धक. तिथल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होते ई-सीएमआर, म्हणजे युरोपातल्या आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतुकीच्या बिल्टीचे डिजिटल रूप. कागदी सीएमआर १९५६ च्या जिनिव्हा करारातून आली आणि तिच्या इलेक्ट्रॉनिक रूपाला मान्यता देणारा जोड-करार २०११ मध्ये लागू झाला. म्हणजे कायदा तयार होता, अडचण होती ती एकाची प्रणाली दुसऱ्याला न कळण्याची. म्हणून त्यांनी पायाचा कोड एकत्र लिहून खुला केला. पुढे २०२५ मध्ये डीबी शेंकर ही कंपनी डीएसव्ही या दुसऱ्या वाहतूक कंपनीकडे गेली, पण मालक बदलला म्हणून खुल्या परवान्याने दिलेला कोड कोणी मागे घेऊ शकत नाही. छोट्या ट्रान्सपोर्टरने यातून हीच एक गोष्ट उचलावी. पुढचे सगळे काम आपल्या भिवंडी-चाकण-कळंबोलीच्या मापात करता येते.

पहिली पायरी: एका बिल्टीचा प्रवास कागदावर काढा

संगणकाला हात लावण्याआधी गेल्या आठवड्यातली एक पूर्ण झालेली ट्रिप निवडा. तिचे सगळे कागद टेबलावर मांडा आणि प्रत्येक कागदावर लाल पेनाने खूण करा: ही माहिती इथे पहिल्यांदा आली, की आधीच्या कागदावरून उतरवली? उतरवलेल्या प्रत्येक रकान्याची जबाबदारी पुढे संगणकाकडे जाणार आहे.

त्याच बैठकीत तीन याद्या शुद्ध करा: पार्ट्या, गाड्या आणि ठिकाणे. पार्टीची ओळख नावावरून ठेवू नका, जीएसटीआयएनवरून (जीएसटी नोंदणी क्रमांकावरून) ठेवा, कारण एकाच पार्टीची चार स्पेलिंगे वहीत सापडतातच. गाडी क्रमांक सगळीकडे मोकळी जागा किंवा रेघ न देता सलग लिहा. ठिकाणांच्या यादीत गावाचे नाव पुरत नाही. 'भिवंडी' या एका शब्दात मैलोन्‌मैल पसरलेली गोदामे येतात. प्रत्येक गोदामाच्या गेटचे अक्षांश-रेखांश नोंदवा. ड्रायव्हरने गेटवरून पाठवलेले लोकेशन यासाठी पुरते. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढची प्रत्येक पायरी याच यादीवर उभी राहते.

दुसरी पायरी: परवाना वाचून साधने निवडा

या लेखात चार साधने घेतली आहेत: हिशेब आणि बिल्टीसाठी मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजचे ईआरपीनेक्स्ट, गाड्यांच्या ट्रॅकिंगसाठी ट्रॅककार, नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप आणि त्या नकाशावर ट्रकचे रस्ते काढण्यासाठी वालहाला. वाटपाच्या फेऱ्या असतील तर त्या आखण्यासाठी जोडीला व्रूम.

परवान्यांची भीती बाळगू नका, पण ते समजून घ्या. ईआरपीनेक्स्ट जीपीएल परवान्यावर आहे. स्वतःच्या ऑफिसात वापरण्यासाठी तुम्ही त्यात हवे ते बदल करा, ते जाहीर करण्याचे बंधन नाही. बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत, तर मात्र सोबत सोर्स कोडही द्यावा लागतो. ट्रॅककारचा अपाची, वालहालाचा एमआयटी आणि व्रूमचा बीएसडी परवाना याहून सैल आहेत. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीला ओडीबीएल लागू होतो: श्रेय द्यावे लागते, आणि नकाशाच्या माहितीत भर घालून ती बाहेर वाटली तर त्याच अटीवर वाटावी लागते. तुमच्या ग्राहकांची यादी वेगळ्या तक्त्यात ऑफिसातच राहिली, तर ती कोणाला देण्याचा प्रश्न येत नाही.

लायसन्सचे पैसे नाहीत म्हणजे खर्च नाही असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. सर्व्हरचे भाडे आहे, तो सांभाळणाऱ्या माणसाचा मोबदला आहे. आणि ऑफिसातल्या एका माणसाला हे काम मनापासून शिकावे लागेल. तो माणूस मुनीमजी असले तर उत्तम, कारण कुठला कागद कशासाठी लागतो हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

तिसरी पायरी: बिल्टी एकदाच लिहा

ईआरपीनेक्स्टमध्ये प्रत्येक प्रकारच्या कागदाचा साचा असतो, त्याला डॉकटाइप म्हणतात. नवा डॉकटाइप कोड न लिहिता, पडद्यावर रकाने जोडत बनवता येतो. 'बिल्टी' नावाचा असा साचा बनवा. रकाने ठरवताना जुन्या छापील पुस्तकाकडे पाहा, पण त्याची नक्कल करू नका.

सीजीएसटी नियम ५४(३) प्रमाणे माल वाहतूकदाराच्या कागदावर मालाचे एकूण वजन, पाठवणारा आणि घेणारा यांची नावे, गाडी क्रमांक, मालाचा तपशील, कोठून-कोठे आणि कर भरणाऱ्याचा जीएसटीआयएन लागतो. हे रकाने सक्तीचे ठेवा, म्हणजे त्याशिवाय बिल्टी सेव्हच होणार नाही. त्यात नग, पॅकिंग, प्रत्यक्ष वजन आणि चार्ज्ड वजन (ज्यावर भाडे लागते ते) वेगवेगळे, इनव्हॉइस क्रमांक, मालाची किंमत, बारा आकडी ई-वे बिल क्रमांक आणि भाड्याची अट जोडा. भाड्याच्या अटीला मोकळा रकाना देऊ नका. पेड (भाडे आधीच दिलेले), टू-पे (माल घेणारा देणार) आणि टीबीबी (नंतर बिल होणार) या तिन्हींतून एक निवडायला लावा. पार्टी, गाडी आणि ठिकाण हे तिन्ही रकाने पहिल्या पायरीतल्या याद्यांना जोडा.

मग बिल्टीला अवस्था द्या: बुक, लोड, वाटेत, पोहोचली, पोच आली, बिल झाले. कोणत्या अवस्थेत कोण नेऊ शकतो तेही ठरवा. गोदामातला माणूस 'लोड' करील, पण 'बिल झाले' फक्त हिशेबनीस करील. एवढे झाले की वाटेत किती बिल्ट्या आहेत आणि पोचेवाचून किती बिले अडली आहेत, हे सकाळी चहाच्या आधी पडद्यावर दिसते.

सुरुवातीला जुने पुस्तक बंद करू नका. एकाच मार्गाच्या, एकाच पार्टीच्या बिल्ट्या दोन्हीकडे करा. महिनाअखेरीला दोन्हींची बेरीज जुळली की तो मार्ग पूर्ण नव्यावर आणा, मग पुढचा मार्ग घ्या.

चौथी पायरी: ट्रॅकिंग आपल्या सर्व्हरवर

इथे खरेदीआधीचे प्रश्न सर्वात महत्त्वाचे. जीपीएस यंत्र घेताना विक्रेत्याला विचारा: सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट (सर्व्हरवर माहिती शिरण्याच्या दाराचा क्रमांक) मला बदलता येईल का? यंत्र कोणत्या प्रोटोकॉलवर, म्हणजे संदेशांच्या कोणत्या भाषेत, बोलते? उत्तर गुळमुळीत आले तर ते यंत्र घेऊ नका, कारण ते कायम विक्रेत्याच्याच सर्व्हरला बांधलेले राहील. दुसरी गोष्ट सिमची. फक्त टू-जीवर चालणारी स्वस्त यंत्रे जिओच्या सिमवर चालत नाहीत, कारण जिओचे टू-जी जाळेच नाही. फोर-जी यंत्र थोडे महाग पडते, पण पुढचा विचार करता तेच घ्यावे.

ट्रॅककार दोनशेहून अधिक प्रोटोकॉल ओळखतो आणि प्रत्येक प्रोटोकॉलला वेगळे पोर्ट देतो. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या जीटी०६ कुळातल्या यंत्रांसाठी ५०२३, टेल्टोनिका कंपनीच्या यंत्रांसाठी ५०२७. वेबवरचा नकाशा ८०८२ वर उघडतो. जोडणीचा क्रम असा ठेवा. आधी सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये (बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या यंत्रणेत) तेवढेच एक पोर्ट उघडा. मग यंत्राला एसएमएस पाठवून सिमचे एपीएन (इंटरनेटला जोडणारी सेटिंग), सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट द्या. नंतर यंत्राचा आयएमईआय (यंत्राचा ओळख क्रमांक) ट्रॅककारमध्ये नोंदवा. गाडी तरीही ऑफलाइन दिसली तर सर्व्हरची लॉग फाइल, म्हणजे त्याची नोंदवही, उघडा. तिथे त्या पोर्टवर आकडे-अक्षरांची ओळ येत असेल, तर यंत्र बोलते आहे आणि चूक आयएमईआयमध्ये किंवा पोर्टच्या निवडीत आहे. ओळच येत नसेल तर चूक सिम, एपीएन किंवा फायरवॉलमध्ये. या एका तपासणीने बहुतेक भानगडी सुटतात. बाजारातून घेतलेल्या गाडीत यंत्र नसते. त्या फेरीपुरते ड्रायव्हरच्या फोनवर ट्रॅककार क्लायंट हे अ‍ॅप चालवता येते.

आता गोदामांच्या गेटभोवती आभासी कुंपण घाला. ज्या अक्षांश-रेखांशांची यादी केली होती ती इथे कामी येते. गाडी कुंपणात शिरली आणि बाहेर पडली, की दोन्ही वेळा आपोआप नोंदल्या जातात. याचा सर्वात मोठा उपयोग हॉल्टिंगच्या, म्हणजे गाडी खोळंबल्याच्या, बिलाला होतो. 'गाडी दोन दिवस उभी होती' हे ड्रायव्हर सांगतो आणि पार्टी नाकारते, हा वाद प्रत्येक ऑफिसात आहे. गेटमध्ये शिरल्याची आणि निघाल्याची वेळ बिल्टीला जोडून बिलासोबत गेली, की बोलणे भाड्याच्या दरावर येते, भांडणावर नाही.

एक गोष्ट ड्रायव्हरच्या बाजूने. यंत्र लावण्याआधी त्याला सांगा की काय नोंदले जाते, किती दिवस ठेवले जाते आणि कोण पाहते. त्याच्या स्वतःच्या फोनवरचे अ‍ॅप ट्रिप संपली की बंद झालेच पाहिजे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच. पण कायदा नसता तरी, रात्र-रात्र गाडी चालवणाऱ्या माणसाला न सांगता त्याच्यावर नजर ठेवणे योग्य नाही.

पाचवी पायरी: ई-वे बिलाची मुदत

ईआरपीनेक्स्टसाठी 'इंडिया कंप्लायन्स' नावाचे मुक्त अ‍ॅप आहे. त्यातून विक्रीच्या इनव्हॉइसचे ई-वे बिल काढता येते. अ‍ॅप मुक्त असले तरी सरकारी यंत्रणेशी जोडणारी मधली सेवा पैसे घेते, हे धरून चला. ट्रान्सपोर्टरचे मुख्य काम भाग ब, म्हणजे गाडी क्रमांक भरणे आणि वाटेत गाडी बदलली तर तो बदलणे.

मुदतीचा हिशेब ऑफिसात प्रत्येकाला यायला हवा. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस. भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथून नागपूरपर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, म्हणजे चार दिवस. पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो, म्हणून १० तारखेला दुपारी काढलेले चार दिवसांचे बिल १४ तारीख संपते त्या मध्यरात्रीपर्यंत चालते. मुदतवाढ मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच मिळते. बिल्टीत मुदतीची तारीख-वेळ ठेवा. ट्रॅककारमधून आलेल्या जागेपासून उरलेले अंतर काढा, आणि गाडी वेळेत पोहोचणार नाही असे दिसले की ती आठ तासांची खिडकी उघडताच फोनवर सूचना जाईल अशी सोय करा. इंजिन बिघडून रस्त्यात उभ्या राहिलेल्या गाडीसाठी हा गजर फार मोलाचा आहे.

सहावी पायरी: ट्रकला चालणारा रस्ता

मोबाइलवरचे नेहमीचे नकाशे कारचा रस्ता दाखवतात. हाय-क्यूब (जास्त उंचीच्या) कंटेनरची स्वतःची उंची २.९ मीटर, खाली ट्रेलरचा डेक दीड मीटरच्या आसपास, म्हणजे रस्त्यापासून सुमारे ४.४ मीटर. वाटेतल्या रेल्वेच्या पुलाखाली ४.२ मीटरची मर्यादा असेल तर रात्री दोन वाजता गाडी मागे घेण्यापलीकडे इलाज नसतो. वालहालाला ट्रकची उंची, रुंदी, लांबी आणि वजन सांगता येते आणि तो त्याप्रमाणे रस्ता टाळतो. त्यासाठी लागणारा ओपनस्ट्रीटमॅपचा भाग जिओफाब्रिक या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो. भारताच्या पश्चिम विभागाच्या फाइलमध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा येतात.

एका फेरीत वीस-तीस दुकाने करणाऱ्यांनी व्रूम वापरावे. प्रत्येक गाडीची क्षमता, निघण्याची जागा, प्रत्येक दुकानाची वेळ आणि तिथे उतरवायला लागणारे सेकंद दिले की ते फेऱ्यांची वाटणी करून देते. एक अडचण जवळपास प्रत्येकाला येते: व्रूमला आधी रेखांश आणि मग अक्षांश लागतो, तर फोनवरून कॉपी केलेले आकडे उलट क्रमाने येतात. पुणे ७३.८५, १८.५२ असे द्यायचे. क्रम उलटला तर पुण्याचे गोदाम नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन पडते आणि प्रोग्राम रस्ता नाही म्हणून थांबतो.

पण पुलाची उंची नकाशात कोणी टाकलेलीच नसेल तर वालहाला ती टाळणार कशी? सहकार्याची खरी सुरुवात इथून होते. आपल्या राज्यातल्या असंख्य भुयारी रस्त्यांची आणि हाइट बॅरियरची माहिती ड्रायव्हरांच्या डोक्यात आहे, नकाशात नाही. ती टाकण्याची रीत अशी. पुलाआधी लावलेल्या पाटीवरचा आकडा दिवसा, गाडी सुरक्षित बाजूला लावून, फोटोसह नोंदवा. ओपनस्ट्रीटमॅपवर खाते काढा, तिथल्या संपादकात जागा उघडा, पुलाखालून जाणारा रस्ता पुलाच्या दोन्ही बाजूंना तोडा आणि मधल्या छोट्या तुकड्याला 'मॅक्सहाइट' ही खूण देऊन आकडा भरा. ही खूण वरच्या पुलाला देऊ नका, ती खालच्या रस्त्याचीच. बदल साठवताना 'जागेवरील पाटी पाहून' असे लिहा. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून पाहून काहीही टाकू नका, परवान्याने त्याला मनाई आहे. फोनवरून करायचे असेल तर स्ट्रीटकंप्लीट हे अ‍ॅप असे प्रश्न स्वतःच विचारते. तुम्ही टाकलेला आकडा शेजारच्या ट्रान्सपोर्टरच्या गाडीलाही वाचवील, आणि त्याने टाकलेला तुमच्या.

सातवी पायरी: पोच, बिल आणि बॅकअप

पोचेचा फोटो ड्रायव्हरने माल उतरताच पाठवावा आणि तो त्याच बिल्टीला जोडावा. तुटफूट किंवा कमी नगांचा शेरा फोटोत राहू देऊ नका, त्याला वेगळा रकाना द्या, नाहीतर तो बिलाच्या दिवशी कळतो. मूळ कागद पार्टीला लागत असेल तर तो कुठे आहे तेही नोंदवा.

बॅकअप रोज, आपोआप आणि दुसऱ्या ठिकाणी. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून कालची बिल्टी दिसते का ते पाहा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये. सॉफ्टवेअरची नवी आवृत्तीही आधी याच दुसऱ्या संगणकावर चढवा.

आठवी पायरी: परत द्या

कोड लिहिता येणे ही सहभागाची अट नाही. काही बिघडले तर प्रकल्पाच्या ठिकाणी नीट तक्रार नोंदवा: कोणती आवृत्ती, कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबली, काय व्हायला हवे होते आणि काय झाले. अशी नेमकी तक्रार विकसकाचे अर्धे काम हलके करते. मराठी भाषांतर ही दुसरी जागा. पडद्यावरचे शब्द गोदामातल्या माणसाला कळतील असे हवेत, आणि ते आपल्याशिवाय कोण सांगणार? ट्रॅककारला तुमच्या यंत्राचा एखादा संदेश कळत नसेल, तर लॉगमधली ती ओळ आणि यंत्राचे मॉडेल कळवा.

सर्वात मोठे काम मात्र एकट्याने होणारे नाही. आपल्या भागातल्या ट्रान्सपोर्टर संघटनेत चार-पाच जणांनी बसून बिल्टीच्या रकान्यांचा एक समान नमुना ठरवावा: कोणता रकाना, त्याचे नाव काय, तारीख कशी लिहायची, वजन किलोत की टनात. डॉर्टमुंडला बसलेल्या कंपन्यांनी केले ते हेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. भाव, पार्ट्यांची नावे आणि कमिशन या चर्चेत आणू नका. फक्त साचा बोला. ठरलेला नमुना खुल्या परवान्यासह एखाद्या सार्वजनिक कोड-साठ्यावर ठेवा. सोबत भरून दाखवलेल्या बिल्टीत खरी पार्टी, खरा जीएसटीआयएन किंवा ड्रायव्हरचा फोन नंबर राहिला नाही ना, ते दोघांनी तपासा. मग संघटनेतल्या दोन ऑफिसांनी एका प्रत्यक्ष मालाची बिल्टी फाइलने एकमेकांना पाठवावी. एकाने बुक करावी, दुसऱ्याच्या गाडीने माल जावा. हाताने एकही रकाना न लिहिता पोच पहिल्या ऑफिसच्या बिल्टीवर परत आली, की त्या नमुन्याला आवृत्ती १.० असा क्रमांक द्या आणि तिसऱ्या ऑफिसला बोलवा.